दुपट्ट्याखालचा हात

डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताचं अपंगत्व बारा टक्के लिहिलं आणि खाली एक ओळ जास्तीची लिहिली: रुग्ण त्रास वाढवून सांगतो. ओळ इंग्रजीत होती. अकोल्याला जठारपेठेत माझ्या वकीलबाईंचं ऑफिस होतं, तिथं त्यांनी ती मला मराठीत वाचून दाखवली. मी त्यांच्या टेबलावरचा काचेचा गोळा उचलला. फेकला नाही. बाई चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "ठेवा भाऊ तो. खिडकीची काच माझी आहे, डॉक्टरची नाही."

ती ओळ मी आजही माफ केलेली नाही. का केली नाही ते सांगायचं तर आधी धंदा सांगावा लागेल.

मी बैलांचा दलाल. बाप सालदार होता, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबला, घरी हातभर जमीन नाही. वीस वर्षं मी अमरावती-अकोल्याकडचे बाजार केले आणि जे काही उभं केलं ते उजव्या हाताच्या बोटांवर. आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. तोंडानं नुसती भांडणं होतात. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, उजव्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरतात. एक बोट धरलं की एक हजार, दोन धरली की दोन, अख्खा पंजा म्हणजे पाच. जोडी दहाच्या वरची आहे की खालची, हे बैल पाहूनच दोघांना कळलेलं असतं, त्यामुळे वरचेच हजार मोजायचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आतला आकडा त्या दोघांनाच ठाऊक. तो तोंडानं बोलायचा नाही. सौदा झाला तरी नाही, मोडला तरी नाही.

पहिल्यांदा हात दिला तेव्हा मी खाली दुपट्ट्याकडं पाहिलं होतं. समोरच्या व्यापाऱ्यानं डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. "खाली कायले पाह्यतं बे? बोटायनं पाह्य." त्यानंतर मी कधी खाली पाहिलं नाही. आत बोटं खरं बोलत असतात आणि तोंड बाहेर शिव्या देत असतं, बैलाला लंगडा म्हणत असतं, पोराबाळांच्या शपथा घेत असतं. तोंडाचं कोणी मनावर घेत नाही. साठ म्हटलं की समोरचा तीस समजतो. आम्ही सगळे असेच वाढलो.

कापसाच्या पडत्या भावाची ती वर्षं. बाजारात दावणी भरलेल्या आणि घेणारे मोजके. लोकांचे बैल विकायला निघाले की दलालाचं काम वाढतं. ऐकायला वाईट आहे, पण खोटं नाही. मी धारणीकडं जोड्या पाहायला गेलो होतो आणि काळीपिवळी जीपनं परत येत होतो. जीपमध्ये पंधरा माणसं आणि टपावर पोती. मी मधल्या सीटवर उजव्या कडेला, ड्रायव्हरच्या मागं. हात ठेवायला जागा नव्हती म्हणून तो खिडकीबाहेर काढून टपाच्या कॅरियरचा गज धरला होता.

घाटाच्या वळणावर लाकडं भरलेला ट्रक समोरून आला. त्यानं जीपला ठोकलं नाही, घासलं. पत्रा फाटत जाण्याचा आवाज पुढून मागं सरकत आला, आधी ड्रायव्हरपर्यंत आणि मग माझ्यापर्यंत. त्या आवाजात ड्रायव्हरचं डोकं फुटलं. मग माझा हात कोणीतरी धरून मागं ओढत नेल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. जीप डोंगराला लागून थांबली तेव्हा पाहिलं तर कोपरापासून मनगटापर्यंत कातडी उलटून लोंबत होती आणि आत पांढरं दिसत होतं. माझं रक्त शेजारच्या बाईच्या तोंडावर उडालं होतं. ती पुसत नव्हती, नुसती माझ्याकडं बघत होती. ड्रायव्हर स्टेअरिंगवर पडलेला आणि त्याच्या मांडीवर अर्धी उघडलेली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी.

ट्रक पुढं जाऊन थांबला होता. हात छातीशी धरून मी तिथवर चालत गेलो, दार उघडून ट्रकवाल्याला खाली ओढला आणि डाव्या हातानं मारायला लागलो. एक दगड सापडला, मग दगडानं. तो हात जोडून सांगत होता, "ब्रेक नाही लागला मालक, ब्रेक नाही लागला." त्याचं नाक माझ्या दगडाखाली मोडलेलं मला कळलं. जीपमधल्या माणसांनी मला मागं ओढला नसता तर घाटात आणखी एक प्रेत पडलं असतं. मला त्याचा पस्तावा नाही. नंतर मी चक्कर येऊन पडलो.

परतवाड्याला पट्टी झाली, मग मोठ्या दवाखान्यात सळई, टाके, चार महिने गळ्यात हात. हाड जुळलं. कातडी जुळली. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थोडं वाकडं होऊन थंड पडलं. एकदा चुलीजवळ चहा घेत बसलो होतो, तेव्हा करंगळी तव्याला टेकली. चर्र झालं, वास आला. बायको ओरडली, "आवो, हात! हात जयला." मी तिच्याकडं पाहिलं, मग बोटाकडं. मांस तव्याला चिकटलं होतं. मला काही कळलं नव्हतं.

आता वकीलबाईंनी मला जे समजावलं ते असं. ट्रकच्या विमा कंपनीवर दावा लावायचा तर अपंगत्वाचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते सरकारी दवाखान्यातलं डॉक्टरांचं मंडळ देतं. हाताचं अपंगत्व वेगळं, अख्ख्या देहाचं वेगळं आणि धंद्याचं वेगळं. "कारकुनाच्या पायाचं बोट गेलं अन् हमालाच्या पायाचं गेलं, डॉक्टर दोघांना तेवढेच टक्के लिहितो," त्या म्हणाल्या. "पण कारकून दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसतो. हमाल बसला की घर बसतं. तो फरक कोर्टाला आपण दाखवायचा. डॉक्टरला फक्त हात दाखवा. जेवढं आहे तेवढंच."

बायकोही तेच म्हणाली. "जेवढं आहे तेवढंच सांगा बाप्पा. जास्त नका करू."

"तू चूप राह्य. बैल विकला काय कधी?"

मला दोन बोटांचे न्याय्य टक्के पाहिजे होते. म्हणून मी पाचही बोटं गेली असं सांगायचं ठरवलं, आणि खांदा वर जात नाही हेही. डॉक्टर कापाकापी करेल, भांडेल, खाली आणेल आणि आम्ही मध्ये कुठंतरी भेटू. जगात सगळीकडं असंच चालतं असं मला वाटत होतं. समोरचा माणूस भाव करणाराच नाही, ही शक्यता माझ्या डोक्यात आलीच नाही.

मंडळाच्या खोलीत तीन डॉक्टर होते. हात तपासणारा सगळ्यात तरुण, बोलण्यावरून पुण्याकडचा. नागपूरहून करून आणलेला नसांच्या तपासणीचा कागद त्यानं वाचला. त्यात नस अर्धवट तुटली आहे एवढंच होतं. बोटात किती जीव उरला ते मशीनला सांगता येत नाही. मग तो म्हणाला, "डोळे मिटा. मी टाचणी लावतो. लागली तर हो म्हणा, नाही लागली तर नाही म्हणा."

मी डोळे मिटले. अंगठ्याला टाचणी टोचली. मी म्हटलं, "नाही." पहिल्या बोटाला टोचली. "नाही." मधल्याला. "नाही." मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी वाट पाहत गप्प बसलो. पुन्हा अंगठा. "नाही."

तो हसला. बाजूच्या डॉक्टरला इंग्रजीत काही बोलला, तोही हसला. मी डोळे उघडले. "हसता कायले?"

"काही नाही काका. झालं तुमचं. या आता."

दाराशी शिपाई उभा होता. तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चला काका, नाटक झालं." मी गर्रकन वळलो आणि त्याच्या थोबाडीत द्यायला हात उगारला. उगारला तो उजवाच. सरळ कानाच्या वर गेला.  तरुण डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता म्हणाला, "खांदा छान वर जातो आहे. बरं झालं." आणि ती ओळ लिहिली.

काचेच्या गोळ्याची गोष्ट त्यानंतरची. सगळं ऐकून वकीलबाई कपाळाला हात लावून हसल्या. "भाऊ, डोळे मिटलेले असताना बरोबर टाचणी लागली की तुम्ही नाही म्हणत होता. लागल्याशिवाय तुम्हाला कळलं कसं, कधी नाही म्हणायचं?"

 मग मला सुचलं. "अन् मंधात मी गप्प बसलो होतो, तवा?"

बाईंचं हसू थांबलं. "किती वेळ गप्प होता?"

"बराच."

"तेव्हा तो शेवटच्या दोन बोटांना टोचत असेल," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

माझी तक्रार हीच आहे. त्यानं माझे खोटे नकार मोजले आणि माझं खरं गप्प राहणं मोजलं नाही. अगदी अडाणी व्यापारीसुद्धा समोरच्याच्या गप्प बसण्यावरून भाव ओळखतो. हा तर शिकलेला.

इकडं विमा कंपनीच्या वकिलानं उत्तर दाखल केलं. दलाल तोंडाचं खातो, तोंडाला इजा नाही, कमाईचं नुकसान शून्य. आणि कोर्टात जे मी ओरडून सांगत होतो तेच बाजारात लपवत होतो. ज्याच्या बोटांना कळत नाही त्याच्याशी कोण सौदा करील? सगळ्यांना सांगितलं, हात फर्स्टक्लास आहे. दोन बाजार नुसताच फिरलो. तिसऱ्या वेळी चांदूर रेल्वेच्या बाजारात एक जोडी माझ्याकडं विकायला होती. मला वाटलं, अंगठा आणि दोन बोटं जिवंत आहेत, उरलेलं समोरच्याच्या मनगटाच्या वजनावरून कळेल. वीस वर्षांचा सराव आहे.

समोर आला तो अकोल्याचा म्हातारा मुसलमान व्यापारी. सगळा बाजार त्याला चाचा म्हणायचा, मीही. माझ्या पहिल्या वर्षापासून आम्ही एकमेकांना हात देत आलो होतो. जोडी पंधराची नव्हती. साडेतेराला गेली असती तरी मी मनातल्या मनात पेढे वाटले असते. तोंडानं मी अठरा ओरडत होतो.

चाचानं दुपट्टा टाकला आणि माझी बोटं धरली. मला दोन लागली. पहिलं आणि मधलं. बारा.

मी उलट त्याची चार धरली, चौदा. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा धरलं. पुन्हा दोनच लागली. तो माझ्याकडं बघून हसत होता, सौदा जमल्यासारखा. मला वाटलं म्हातारा माझी थट्टा करतो आहे. अपघातातून उठला आहे, गरज आहे, बाराला देईल, असं त्याला वाटतं. सोबत आलेल्या त्याच्या पुतण्यांसमोर, सगळ्या बाजारासमोर मला भीक घालतो आहे.

"म्हाताऱ्या," मी म्हटलं, "भिकारी समजला का मले?"

आणि दुपट्ट्यातून हात काढून तशाच मुठीनं त्याच्या तोंडावर मारलं. तो बैलाच्या पायांत पडला. बैल बुजला, त्याचा खूर चाचाच्या पायावर पडला. चाचा उठून बसला तेव्हा त्याच्या दाढीवरून रक्त गळत होतं आणि त्यानं तळहातावर एक दात थुंकला. दाताकडं पाहत, जे बाजारात कोणी कधी बोलत नाही ते तो मोठ्यानं बोलला.

"चौदा देऊन राहिलो होतो रे. चार बोटं धरली होती तुही. चौदा."

भोवतीची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी मागितले तितकेच, काही न कापता तो देत होता आणि मी त्याचा दात पाडला होता. पुढं मला बोलायला वेळच मिळाला नाही. त्याचे दोन्ही पुतणे तुताऱ्या घेऊन आले. तुतारी म्हणजे बैल हाकायची काठी, टोकाला खिळा. पहिली डोक्यात बसली, दुसरीचा खिळा पाठीत रुतला आणि कातडी घेऊन बाहेर आला. मी एकाच्या पोटात लाथ घातली, एकाचा कान दातांत धरला. मग खाली पडलो आणि नुसते पाय दिसायला लागले.

"बस," चाचाचा आवाज आला. "छोडो उसको."

तो लंगडत माझ्याजवळ आला, उकिडवा बसला आणि माझा उजवा हात हातात घेतला. माझ्या करंगळीत त्यानं आपल्या अंगठ्याचं नख रुतवलं. रक्त येईपर्यंत रुतवलं. मी हात ओढून घेतला नाही, कारण मला काही कळतच नव्हतं. त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, हात खाली ठेवला आणि उठला.  लोक म्हणाले, दलाल पिऊन आला होता. तसंच समजू दिलं त्यानं.

ती जोडी पुढं मी तेरालाच दिली.

वकीलबाईंना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं त्या रागावतील. त्या खुर्चीत पुढं सरकल्या. "स्वतःचं नुकसान करायला कोणी नाटक करत नाही भाऊ. चौदा देणाऱ्याला बारासाठी कोण मारेल? हा तुमचा साक्षीदार आहे. आणा त्याला."

"ज्याचा दात पाडला त्याले?"

"त्यालाच. दुसऱ्या कोणी तुमची बोटं आतून पाहिली आहेत का?"

पंधरा दिवस मी गेलो नाही. मग गेलो. वाटेत सगळा सौदा ठरवून ठेवला होता. नवा दात मी बसवून देईन, पुतण्यांविरुद्ध तक्रार करणार नाही, येण्याजाण्याचा खर्च माझा. चाचा ओसरीत खाटेवर बसला होता. मी उभ्या उभ्याच सुरू झालो. त्यानं मला पुरतं बोलू दिलं.

"सौदा करायले आला का माफी मांगायले?" तो म्हणाला.

 आतून पडद्यामागून चाची म्हणाली, "चने नहीं खा सकते तब से. पूछो उसको, चने कौन चबा के देगा."

"चुकलं चाचा," मी म्हटलं.

"जोरात बोल. चाची ऐकून राहिली."

आयुष्यात बापाचीही कधी माफी मागितली नव्हती. मोठ्यानं म्हटलं, "चुकलं माह्यं."

चाचानं पाय खाटेवर घेतले. "येईन मी. पण जे झालं ते सगळं बोलीन. तू मले मारलं हे बी."

"ते कायले चाचा? हाताचंच सांगा नं. मारल्याचं सोडून द्या."

"अर्धा बैल विकते काय कोणी?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "आणखी एक सांगतो बेटा. म्या आजवर तुह्या हाताचं कोणाले नाही सांगितलं. पुतण्यायले बी नाही. कोर्टात बोललो म्हणजे बाजारात बोललो. तिथं चार दलाल येऊन बसतीनच. घरी जाऊन विचार कर."

घरी जाऊन विचार करण्यासारखं काही नव्हतं. हात नाही म्हणून सिद्ध झालं तरच पैसे, आणि सिद्ध झालं की धंदा संपला. मी तिथंच म्हटलं, "या."

साक्षीच्या दिवशी आधी तो तरुण डॉक्टर आला. तो खोटं बोलला नाही, हे मला कबूल करावं लागतं. आमच्या बाईंनी विचारलं, "अंगठ्याला टाचणी लावल्यावर अर्जदार काय म्हणाले?" तो म्हणाला, "नाही." "पहिल्या आणि मधल्या बोटाला?" "नाही म्हणाले." "आणि करंगळीला, तिच्या शेजारच्या बोटाला?" त्यानं कागद चाळले. "प्रतिसाद दिला नाही." "किती वेळा टोचलं?" "सहा वेळा." "म्हणजे लागत होतं तिथं ते खोटं नाही म्हणाले, आणि जिथं लागलंच नाही तिथं त्यांना टोचल्याचं कळलंही नाही?" तो म्हणाला, "तसंही असू शकतं." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान फिरवली.

मग चाचा. दुपट्टा कसा टाकतात, बोटं कशी धरतात ते त्यानं न्यायाधीशांना शिपायाचा हात धरून दाखवलं. कोर्टातली माणसं उभी राहून बघत होती. मागच्या बाकावर बाजारातले चार जण होते, चाचा म्हणाला होता तसे. त्यानं सगळं सांगितलं: चौदा, बारा, मूठ, दात.

विमा कंपनीचा वकील उठला. "कोणत्या हातानं मारलं?"

"उजव्या."

"दात पडला?"

तोंड उघडून चाचानं खिंडार दाखवलं.

"म्हणजे ज्या हाताला काहीच कळत नाही असं तुम्ही सांगता, त्याच हातानं तुमचा दात पाडला." तो न्यायाधीशांकडं वळून हसला.

"साहेब," चाचा म्हणाला, "बैल शिंगानं माणूस मारते. शिंगाले कुठं काही कळते?"

हसू पसरलं. वकिलानं चिडून विचारलं, "हा माणूस खोटं बोलतो की नाही? दवाखान्यात खोटं बोलला ते कागदावर आहे."

"तोंडानं?" चाचा म्हणाला. "तोंडानं त लय खोटा आहे साहेब. याच्या तोंडाचा म्या कधी वीस वर्षांत एक शब्द धरला नाही."

मी उठलोच होतो. बायकोनं मागून सदरा धरून खाली बसवलं.

"पण दुपट्ट्याच्या खाली," चाचा पुढं म्हणाला, "वीस वर्षांत यानं एक आकडा खोटा नाही धरला, अन् माहा एक आकडा चुकला नाही. त्या दिवशी चुकला. पह्यलाच. म्हणून त म्या त्याले सोडलं, नाही त माह्या पुतण्यायनं तिथंच गाडला असता."

न्यायाधीशांनी त्याला परत एकदा हळू सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी चाचाला म्हटलं, चहा घ्या. तो म्हणाला, बस निघून जाईल. त्यानं माझ्याकडं हात केला नाही. काठी टेकत बसस्टँडकडं गेला.

निकाल बऱ्याच महिन्यांनी लागला. हाताचे टक्के बारा ते बाराच राहिले. पण न्यायाधीशांनी लिहिलं की या माणसाचा धंदा त्या दोन बोटांवर होता, म्हणून कमाईचं नुकसान चाळीस टक्के धरावं. वकीलबाई खूश होत्या. मी त्यांना म्हटलं, ती ओळ खोडायला लावा. त्या म्हणाल्या, "अहो चाळीस मिळाले. ओळीचं काय घेऊन बसलात?" आमचं तिथं कडाक्याचं भांडण झालं. मी त्यांची फी देऊन निघालो आणि पुन्हा त्यांच्या ऑफिसचा जिना चढलो नाही. ओळ अजून त्या कागदावर आहे.

निकालानंतरच्या पहिल्या बाजाराला मी एक जोडी घेऊन गेलो. बैल चांगले होते, चार दाती, एकसारखे पांढरे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान एक व्यापारी आला, माझ्याकडूनच बोटं धरायला शिकलेला. त्यानं जबडे उघडून पाहिले, पाठीवरून हात फिरवला. मी उजवा हात पुढं केला आणि त्यावर दुपट्टा टाकला.

त्यानं दुपट्ट्याकडं पाहिलं. हात पुढं केला नाही.

"तेरा देतो दादा," तो म्हणाला. तोंडानं, सगळ्यांदेखत.

भोवतीची माणसं दुसरीकडं पाहायला लागली. माझी मूठ वळली होती, हे मला फक्त तीन बोटांत कळत होतं.

"हळू बोल," मी म्हटलं.

"हळू काय अन् जोरात काय दादा," तो म्हणाला, आणि तो चेष्टा करत नव्हता. "राग नका मानू. तेरा जमते का?"

बारापासून सुरू करून मी त्याला साडेचौदापर्यंत नेला असता, आत. बाहेर उघड्यावर भाव कसा वाढवतात ते मला येत नव्हतं. मी तेराला दोर त्याच्या हातात दिला, आणि दुपट्टा खांद्यावर टाकून गर्दीतून वाट काढत निघालो. एकाचा धक्का लागला. मी त्याला शिवी दिली, आई-बहिणीवरून. त्यानं मान वर करून पाहिलं, मला ओळखलं, माझ्या उजव्या हाताकडं बघितलं आणि उलट बोलला नाही.